पितळेच्या गंजातली अंबाडी

श्रावण अर्धा सरला की अमरावतीच्या भाजीबाजारात अंबाडी येते. तांबूस देठांच्या जुड्या ओल्या पोत्यांवर रचलेल्या असतात आणि जवळून जाताना नुसत्या वासानेच जिभेच्या कडांना पाणी सुटतं. मी त्या ओळीतून सहसा जात नाही. परवा गेले, कारण नेहमीच्या वाटेवर चिखल झाला होता. एका भाजीवालीने हाक मारली, "मॅडम, घ्या ना अंबाडी. आजच तोडेल हाय." मी नको म्हटलं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काहून? वऱ्हाडच्याच दिसता, अन अंबाडी नाई खात?" मी उत्तर टाळायला म्हणून तिच्याकडची मेथी घेतली, ती नीट पाहिलीही नाही, आणि घरी येऊन सोडली तर आतून अर्धी जुडी सडकी. भाजीवाल्याच्या पोरीच्या गळ्यात सडकी मेथी मारली जावी, म्हणजे हद्द झाली.

हो, मी भाजीवाल्याची पोरगी. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर आणि बाजारात वडिलांची गादी. वडील गेल्यावर ती दादाने चालवली. भाजीवाल्याच्या घरी काय शिजणार हे घरची बाई ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं. जे खपलं नाही ते संध्याकाळी घरी येतं. उन्हाळ्यात मऊ पडलेले टमाटे, थंडीत जून वांगी, आणि श्रावणापासून दसऱ्यापर्यंत अंबाडी. आठवड्यातले चार दिवस तरी अंबाडी. आई ती बारीक चिरायची, उकडून घोटायची, तिच्यात ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तुरीची डाळ सोडायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. ताजी अंबाडी आमच्या घरी कोणी वाढत नसे. "आज करावं अन उद्या खावं," असं आईचं म्हणणं. भाजी रात्रभर गंजातच मुरायची. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. सकाळपर्यंत तिचा आंबटपणा गोल व्हायचा, आणि भाकरीवर ती शिळी भाजी घेऊन बसलं की शेजारीपाजारी काय चाललंय याचं भान राहत नसे. मला अजूनही ती चव आठवते. आठवते याचा राग येतो.

आठ वर्षांपूर्वीचा पावसाळा. मी तेव्हा अमरावतीला पीएचडी करत होते. शनिवारी दुपारी अकोल्याला जायचं, रविवारी संध्याकाळी डबा घेऊन परत यायचं. माझा विषय सांगायला लागले की दादाला जांभया यायच्या, म्हणून घरापुरतं मी एक वाक्य तयार केलं होतं: जिवंत प्राण्याच्या अंगात विषारी धातू कुठे जाऊन बसतो, ते त्याला न कापता पाहायचं.

आईने ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती लसूण सोलत होती. "अन पाहून काय करशीन?" तिने विचारलं.

मी हसले होते. अडाणी प्रश्न वाटला होता तो मला.

पूर्वी धातू शोधायचा म्हणजे मासा वाळवायचा, तेजाबात विरघळवायचा आणि ते पाणी यंत्राच्या ज्वाळेत सोडायचं. आकडा यायचा. किती, ते कळायचं. कुठे, ते कळत नसे, आणि मासा तर उरलेलाच नसे. आम्ही वेगळी वाट धरली होती. आमच्याकडे एक रंगद्रव्य होतं. त्याच्या रेणूत एक खाच होती, शिशाचा कण नेमका मावेल एवढी. शिसं त्या खाचेत जाऊन बसलं की रंगद्रव्य निळ्या उजेडाखाली हिरवं उजळायचं, नाही बसलं तर अंधार. ते आम्ही झेब्रा माशाच्या पाच दिवसांच्या पिल्लांना द्यायचो. ती पिल्लं जिऱ्याएवढी असतात आणि शिजलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं हृदय धडधडताना दिसतं, आतडं हलताना दिसतं. खिडकीला काळा कागद चिकटवलेल्या एका जुन्या सामानाच्या खोलीत बसून मी तासन्तास ते पाहायचे. आधी आतडं उजळायचं, मग यकृताची जागा, मग मूत्रपिंडाच्या दोन बारीक रेघा. भर दुपारी बाहेर ऊन-पाऊस चाललेला असायचा आणि आत हा हिरवा उजेड. मला ते फार सुंदर वाटायचं. आपण विष पाहतोय हे माहीत असूनही सुंदर वाटायचं, आणि त्याची लाज तेव्हा वाटली नाही.

अकोल्याहून मी मोर्णा नदीचं पाणी आणायचे, नाल्याकाठचा गाळ आणायचे. माझी खात्री होती की तिथेच काहीतरी सापडणार. पिल्लांत जवळजवळ काहीच उजळेना आणि मी हिरमुसून जायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

त्याच वर्षी होळीच्या सुमारास मी एक शहाणपणा केला होता. कुठल्याशा चर्चासत्रात ऐकून आले की आंबट पदार्थ जर्मनच्या भांड्यात शिजवू नयेत. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. आमच्या घरी सगळे गंज त्याचेच. ऐकलं ते चुकीचं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी आईला फोन केला. "ते जर्मनचे गंज भंगारात दे. माळ्यावर तुझ्या लग्नातलं पितळ पडलंय, ते काढ, कल्हई करून घे. राणू लहान आहे घरात." राणू म्हणजे दादाची मुलगी, तेव्हा अडीच वर्षांची.

आईने माझं ऐकलं, कारण घरात मीच शिकलेली. पण वहिनीला तिने माझं नाव सांगितलं नाही. पितळ जड, घासायला चिंच लागते, हात भरून येतात. नणंदेने अमरावतीहून फर्मान सोडलं आणि घासायचं मात्र हिने, असं वहिनीच्या मनात यायला नको. आई म्हणाली, "माह्या मायनं देल्ले हायेत. मरायच्या आधी वापरू दे मले." वहिनीने कुरकुर न करता माळ्यावरून गंज उतरवून दिले. म्हाताऱ्या बाईची हौस म्हणून.

कल्हई झाली त्या शनिवारी मी घरीच होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे कल्हईवाले बाबा बसायचे. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला कातड्याचा भाता. गंज लालसर तापला की ते त्यात नवसागर टाकत, पांढऱ्या धुराचा लोट उठे, मग धातूची कांडी आतून टेकवत आणि ती वितळली की कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवत. काळवंडलेलं पितळ डोळ्यांदेखत चांदीसारखं होई. राणू माझ्या कडेवर होती. तिने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "आत्या, चंदामामा." अडीच वर्षांची पोर, पण तोंडाचा पट्टा सुरूच असायचा तिच्या.

बाबा डाव्या हाताने काम करत होते. उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता, दोरीवरच्या ओल्या फडक्यासारखा. त्या हाताने ते नुसतं भांडं दाबून धरायचे. मी तो हात पाहिला आणि मनात म्हटलं, लकवा मारलाय बिचाऱ्यांना. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की वर्षानुवर्षं शिशाचं काम करणाऱ्यांचं मनगट असं गळून पडतं. लिहून चार महिने झाले नव्हते. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते मला.

उन्हाळाभर त्या गंजात कैरीचं सार झालं, टमाट्याची चटणी झाली, ताकाची कढी झाली. आणि मग अंबाडी आली. राणूला दात कमी, म्हणून तिच्यासाठी कण्या आणि अंबाडीचा पातळ रस एकत्र कुस्करून द्यायचे. तिला ते फार आवडायचं. वाटी चाटून पुसून ती परत पुढे करायची.

आषाढातच तिचं पोट दुखायला लागलं होतं. चेहरा उतरला, शी होईना, हट्ट वाढला. जंताचं औषध दिलं. आईने मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. एका रविवारी मी निघताना वहिनी दाराशी आली. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, हे पोरगी पयले 'मले दे' म्हने, 'पानी पायजे' म्हने. आता नुसतं बोट दाखवते. असं काहून होऊन राहिलं?"

"काही मुलं मध्येच गप्प होतात, वहिनी. बोलेल," मी म्हणाले. बसची वेळ झाली होती. वहिनीने मान हलवली. शिकलेल्या माणसाने सांगितलं की ती मान हलवायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. चाकाचे लाकडी बैल सजवून मुलं घरोघरी फिरतात. राणूचा बैल ओट्यावरून घसरला आणि त्याच्या मागे ती. गुडघा सुजला म्हणून दादाने एका दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही, शेक द्या, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. शनिवारी मी गेले तेव्हा फिल्म टीव्हीवर ठेवलेली होती. सहज म्हणून मी ती खिडकीच्या उजेडात धरली.

वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाला पांढरट कड असतेच, त्यामुळे डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. पण ही कड नव्हती, रेघ होती. खडूने आखावी तशी जाड, मांडीच्या हाडाला, नडगीला, आणि तिच्या बाजूच्या बारक्या हाडालासुद्धा. त्या बारक्या हाडाला ती सहसा नसते. असल्यास एक शंका घ्यावी, हे मला ठाऊक होतं. शिसं अंगात गेलं की हाडाची वाढ अडखळते आणि त्या जागी चुना साचून रेघ उमटते. माझ्या पहिल्याच प्रकरणात एक जुनं चित्र होतं, आमच्या हिरव्या उजेडाच्या कितीतरी आधी माणसांनी शिसं कसं ओळखलं ते दाखवणारं. कुणा अनोळखी मुलाचा गुडघा. मी ते चित्र इतक्यांदा पाहिलं होतं की खिडकीतला गुडघा मला ओळखीचाच वाटला.

राणू खाली बसून लाकडी बैलाचं चाक फिरवत होती, एकच चाक, परत परत. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय पाहून राहिली वं?" मी म्हटलं, काही नाही.

पुढचं सांगायला जीभ जड होते, पण तेच सांगायचं आहे. मी काही बोलले नाही. आधी खात्री, मग तोंड उघडायचं, अशी आम्हाला सवय लावलेली असते. चांगली सवय आहे ती. मी गंजातली मुरलेली अंबाडी डब्यात भरून घेतली, दादाकडून त्याच ढिगातली एक कच्ची जुडी मागून घेतली आणि रविवारी संध्याकाळी नेहमीसारखी बसमध्ये बसले. नदी असेल, खत असेल, भिंतीचा रंग असेल, अजून कशाला उगाच घाबरवा, असा विचार बसमध्ये केल्याचं मला स्वच्छ आठवतं. मंगळवार दुपारपर्यंत मला उत्तर नव्हतं, आणि मंगळवार दुपारपर्यंत राणू दोन्ही वेळा त्याच गंजातलं जेवली.

सोमवारी मी कच्ची जुडी काचेच्या भांड्यात शिजवली, रात्रभर काचेतच मुरू दिली. मंगळवारी दोन्ही भाज्यांचं पाणी गाळलं, आंबटपणाने पिल्लं मरू नयेत म्हणून तो मारला, पातळ केलं आणि दोन वेगळ्या ताटल्यांत पिल्लं सोडली. हिरव्या पानाचा स्वतःचा एक तांबडा उजेड असतो, तो गाळणारी काच लावली. मग दार लावून घेतलं.

काचेतल्या अंबाडीची पिल्लं काळी. फक्त डोळ्यांचे ठिपके.

गंजातल्या अंबाडीची पिल्लं उजळली. आतड्यापासून शेपटीपर्यंत इतका स्वच्छ हिरवा उजेड मला दोन वर्षांत मिळाला नव्हता. एका पिल्लाचं हृदय त्या उजेडात धडधडत होतं. तोच ढीग, तीच अंबाडी. फरक फक्त भांड्याचा. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. का दाबलं ते सांगता येत नाही. हात सवयीने गेला असं म्हणते, पण त्या क्षणी चित्र फार चांगलं आलंय हेही मनात आलं होतं.

माझे मार्गदर्शक सर आत आले, पडद्यावर पाहत राहिले. "अप्रतिम आलंय. नमुना कुठला?"

"घरचा," मी म्हणाले. "आईने केलेली भाजी आहे. भावाची मुलगी खाते."

सरांनी दिवा लावला. हिरवा उजेड गेला. "आधी घरी फोन करा," ते म्हणाले. "हे नंतर."

फोन आईने उचलला. पितळेचा गंज आत्ताच्या आत्ता चुलीवरून उतरव, आहे ते सगळं फेकून दे, असं मी सांगितलं. तिने कारण विचारलं, मी जमेल तसं सांगितलं. ती म्हणाली, "आता दुपारी वाटीभर खाल्लं न तिनं." तेवढंच म्हणाली आणि फोन तसाच हातात धरून राहिली असावी, कारण मागे राणूच्या बैलाच्या चाकाचा आवाज येत होता.

राणूचं रक्त बाहेरगावी तपासायला पाठवलं. आलेला आकडा पाहून डॉक्टरने तिला लगेच भरती करून घेतलं. शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध असतं, ते दिलं. रक्तातलं उतरलं, थांबलं, हाडातलं रक्तात झिरपून पुन्हा वर चढलं, पुन्हा औषध. हाडात गेलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथे घर करून राहतं. मेंदूचं काय झालं ते दाखवणारं रंगद्रव्य नाही. असतं तरी आईचा प्रश्न होताच: पाहून काय करशीन?

दादा भडकून कल्हईवाल्या बाबांकडे गेला. मी मागोमाग धावले. बाबा कोळसे विझवत होते. दादाने भात्याला लाथ मारली. "काय लावलं होतं तुमी गंजाले? माही पोरगी दवाखान्यात हाय."

बाबा उठले नाहीत. "कथील लावलं, भाऊ. कथील महाग झालं त त्याच्यात शिसं मिळवतो थोडं. हात पटकन फिरते त्यानं, चमक बी जादा येते. माह्या बापानं बी तेच केलं. कोनी कधी काई बोललं नाई." मग ते माझ्याकडे वळले. "पोरीले काय झालं?"

मी सांगितलं. तुमचंही रक्त तपासून घेऊ, हा हात त्यानेच असा झाला असेल, असंही सांगितलं. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. "हा त दोन सालापासून असाच पडते," ते म्हणाले. "मले वाटलं उमरीनं झालं." दादाचा आवाज खाली आला. पुढच्या आठवड्यात तो खड्डा बुजलेला होता. बाबा मुलाकडे गेले असं कुणी म्हणालं. त्यांचं रक्त मी तपासलं नाही. पत्ता शोधण्याइतकेही कष्ट घेतले नाहीत.

राणू दवाखान्यातून घरी आली त्या दिवशीची गोष्ट. दादा औषधं आणायला गेला होता. आई तुरीची डाळ निवडत बसली होती. वहिनीने राणूला झोपवलं, बाहेर आली, आणि इतके दिवस दाबून धरलेलं तिच्या तोंडून निघालं. "आई, एक बोलू? तुमच्या पितळेच्या हौसेपायी माह्या लेकराचं वाटोळं झालं. चांगले जर्मनचे गंज होते घरात."

मी समोरच खुर्चीवर होते. हातात चहाचा कप होता. आईने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग परत सुपाकडे पाहत ती म्हणाली, "हो बाई. चुकलंच माह्यं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. वाक्य सोपं होतं, एका दमात बोलता आलं असतं. मी चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला.

वहिनीने पुढे आईचं सगळं केलं, औषधपाणी, पथ्य, सगळं. पण तिच्याशी मन मोकळं करून बोलली नाही, आणि राणूचं जेवण कायम स्वतःच्या हातानेच केलं. आईला चमचाही लावू दिला नाही. एकदा मला राहवलं नाही. घरात दोघीच असताना मी आईला म्हटलं, "मी वहिनीला सांगते, पितळ मी काढायला लावलं म्हणून."

"नको," आई म्हणाली. "तुले या घरात यावं लागते. मी त इथंच हाय."

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या सामानात ते दोन गंज निघाले. आतून पार खरवडलेले होते, बहुतेक तिनेच विळ्याने खरवडले असावेत. वहिनीने ते मोडीत घातले.

प्रबंध पूर्ण झाला. ते चित्र त्यात आहे, 'शिजवलेल्या अन्नाचा नमुना' अशा नावाने. परीक्षकांनी त्याचंच कौतुक केलं. आता मी अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी तेच चित्र पडद्यावर लावते. दिवे मालवले की मागच्या बाकांवरूनही "वा" येतं. मी धातू, रेणू, खाच, उजेड सगळं समजावून सांगते. भाजी कुणाची होती ते कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

राणू साडेदहा वर्षांची आहे. शाळेत एक वर्ग मागे आहे. ती बोलते, पण तांदळातले खडे वेचावेत तसे शब्द वेचत बोलते, आणि मध्येच एखादा सापडला नाही की हसते. गुडघ्याचा एक्स-रे मध्ये पुन्हा काढला होता. हाड वाढत गेलं तशी ती रेघ सांध्यापासून दूर सरकली आणि पुसट होत दिसेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, आता चित्र स्वच्छ आहे. वहिनीने त्या दिवशी पेढे वाटले. चित्र स्वच्छ असणं आणि अंग स्वच्छ असणं यातला फरक सांगायला मला पगार मिळतो. मी पेढा खाल्ला.

परवाच्या शनिवारी आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. राणूला पाहायचं होतं, म्हणून वहिनी तिला घेऊन अकोल्याहून आली. आमच्या विभागाच्या टेबलामागे विद्यार्थ्यांनी ते चित्र मोठं करून लावलं होतं, काळ्या कागदावर हातभर लांब हिरवं पिल्लू. मला ते आधी कळलं असतं तर काढायला लावलं असतं. राणू त्याच्यापुढे थांबली ती हलेचना.

"लय… सुंदर हाय, आत्या," ती म्हणाली. "हे काय हाय?"

"माशाचं पिल्लू."

"हिरवं काहून हाय?"

बाजारातून चुकवता येतं तसं तिच्यापुढून चुकवता येईना. "त्याने अंबाडी खाल्ली होती," मी म्हणाले. "आपल्या घरची. तू लहान असताना खायचीस ना, ती."

ती विचारात पडली. घरात काय काय बोललं गेलं असेल ते तिच्या कानावर असणारच. "आजीच्या… गंजातली?"

"हो. पण ते गंज आजीने नव्हते काढले, राणू. मी फोन करून काढायला लावले होते. आजीने माझं नाव सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही."

हे मी राणूशी बोलले, पण वहिनी तिच्या मागेच उभी होती, हातात पाण्याची बाटली घेऊन. तिने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आठ वर्षं मी ज्याला घाबरत होते ते हेच, आणि ते आल्यावर मला हलकं वगैरे काही वाटलं नाही.

राणूने चित्रावरच्या पिल्लाच्या पोटावर बोट ठेवलं आणि ते शेपटीपर्यंत हळूहळू नेलं. मग तिने शब्द वेचायला घेतले.

"आत्या, मले… अशा उजेडात धरलं, त मी बी अशीच… दिसीन काय?"

वहिनीने तिचं बोट चित्रावरून काढून आपल्या हातात घेतलं.

"नाई वं दिसत," ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. "मानसाचं असं बाहेरून काई दिसत नाई."